शून्याआड लपलेली साखर

मोबाइलवरच्या हिशेबाच्या तक्त्यात ‘सर्वांत कमी’ या शब्दांपुढे रोज शून्य दिसायचं आणि आम्ही ते पाहून सोडून द्यायचो. त्या शून्यामागे एक खरा आकडा दडला होता. तो बाहेर काढायला एका ओळीचं सूत्र पुरेसं होतं. पण सूत्राआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता, तो आम्ही विचारला नव्हता.

“काकांची सगळ्यात कमी साखर किती आली होती या तीन महिन्यांत?” डॉक्टरांनी विचारलं.

मी ऐटीत मोबाइल उघडला. बाबांच्या साखरेचा तक्ता मीच तयार केला होता. मिरजेला बाबा रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचून साखर मोजत, आकडा मोबाइलवर भरत आणि इकडे मुंबईत मला, तिकडे बंगळूरला धाकट्या भावाला तो लगेच दिसे. तळाशी तीन चौकटी होत्या : सरासरी, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी. मी तळाशी पाहिलं आणि वाचलं, “शून्य.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “शून्य साखर असती, तर काका इथं चालत आले नसते.”

बाबा हसले, आईही हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाबांची कागदाची वही मागितली. मोबाइलवर भरण्याआधी बाबा आकडा वहीत लिहीत असत. डॉक्टर एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले आणि तीन ठिकाणी पेन्सिलीने गोल केले. ६१, ६६ आणि ५८. रक्तातली साखर डेसीलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर होतं. त्या वयात अशी घसरण म्हणजे चक्कर, तोल जाणं, पडणं, हाड मोडणं, कधी शुद्ध हरपणं.

“त्या दिवशी काय झालं होतं?” डॉक्टरांनी विचारलं. आईला आठवलं. पहाटे घाम फुटला होता, हात थरथरत होते. उपवासाचा अशक्तपणा असेल म्हणून तिने साखर घालून चहा दिला होता. कॅलेंडर काढलं. तिन्ही दिवस द्वादशीचे निघाले. म्हणजे आदल्या दिवशी एकादशी! ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण बाबांना लागू नाही. ते खरोखर एखादं फळ आणि कपभर दुधावर राहतात. गोळी मात्र नेहमीची नेहमीच्या वेळी घेत होते. जेवण नाही आणि गोळी आहे, म्हटल्यावर साखर खाली जाणारच. डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहून दिलं आणि विषय संपवला.

माझ्यापुरता तो संपला नव्हता. तीन महिने तो आकडा आम्हा तिघांच्या खिशात होता. आम्ही शिकलेली, रोज संगणकावर काम करणारी माणसं. तरी तो दिसला कसा नाही?

चूक कोणाची?

परतीच्या रेल्वेत मी तक्ता नीट पाहिला. त्यातला एक आठवडा असा होता :

सोमवार – ११८
मंगळवार – ०
बुधवार – १२६
गुरुवार – ६१
शुक्रवार – ०
शनिवार – १३४
रविवार – १२१

मंगळवारी मोजायच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि शुक्रवारी बाबा पहाटेच्या गाडीने लग्नाला गेले होते. दोन्ही दिवशी साखर मोजलीच नव्हती. मग शून्य कुठून आलं?

ते माझ्यामुळे आलं. बाबा रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले. रजिस्टरातली जागा मोकळी सोडायची नाही, नोंद नसेल तर आडवी रेघ मारायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. वहीत त्यांनी न मोजलेल्या दिवशी रेघच मारली होती. मोबाइलवर काय करायचं, असं त्यांनी मला फोनवर विचारलं होतं. तेव्हा कामाच्या गडबडीत मी सांगितलं, “बाबा, रेघ नको, संगणकाला आकडाच लागतो. शून्य टाका तुम्ही.” त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

संगणक बिचारा आज्ञाधारक. त्याला ‘सर्वांत लहान आकडा दे’ म्हटलं की तो ११८, १२६, ६१ आणि ० या सगळ्यांकडे सारख्याच नजरेने पाहतो. शून्य हा त्याच्या लेखी आकडाच आहे आणि तो या यादीत सर्वांत लहान आहे. ‘मोजलं नाही’ असं आपल्याला म्हणायचं होतं, हे त्याला कसं कळावं? त्याने रोज शून्य दाखवलं आणि आम्ही रोज त्या चौकटीकडे दुर्लक्ष करायला शिकलो. गजर चुकीच्या वेळी सारखा वाजायला लागला की माणूस कूस बदलून झोपतो, तसंच हे झालं.

नुकसान एवढ्यावरच थांबलं नव्हतं. वरच्या पाच खऱ्या आकड्यांची बेरीज ५६०. तिला पाचने भागलं तर सरासरी येते ११२. पण दोन शून्यं धरून संगणकाने सातने भागलं आणि उत्तर दिलं ८०. त्या ८० कडे पाहून भाऊ बंगळूरहून लिहायचा, “बाबांची साखर अगदी झकास आहे!” एकाच शून्याने सर्वांत कमी आकडा झाकून टाकला आणि सरासरीही खोटी करून ठेवली.

दोन कामांचं एक शून्य

शून्य हा आपल्याकडच्या अभिमानाचा विषय. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम दिले. एखाद्या संख्येतून तीच संख्या वजा केली की शून्य उरतं, असं शून्याला त्याने संख्येचं स्थान दिलं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात २७० या आकड्यातलं शून्य आजच्यासारखंच गोल कोरलेलं दिसतं. ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांनी ते पाहिलंही असेल.

ही दोन शून्यं दोन वेगळी कामं करतात. शिलालेखातल्या २७० मधलं शून्य जागा राखतं, ‘इथे एकक नाही’ असं सांगतं. ब्रह्मगुप्ताचं शून्य ही स्वतः एक संख्या आहे. ते मोजून आलेलं उत्तर आहे. घरच्या हिशेबात आपण या दोघांची गल्लत करतो. नोंद नाही म्हणून जागा भरायला शून्य लिहितो आणि संगणक ते मोजलेलं उत्तर समजतो.

कागदावर ही गल्लत फारशी नडत नव्हती, कारण वाचणारा माणूस होता. डॉक्टरांनी वहीतली रेघ पाहिली आणि पुढे गेले. माणसाची जागा स्प्रेडशीटने घेतली तेव्हापासून गोष्ट बदलली. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या तरुणाने पाहिलं, की फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे काम यंत्राने का करू नये, या विचारातून त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हा कार्यक्रम बाजारात आणला. पुढे १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आला आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’. आज तोच फळा आपल्या मोबाइलमध्ये आहे. आकडे पुसून लिहिण्याची कटकट गेली, पण आकड्याचा अर्थ समजून घेण्याचं काम अजून आपल्याकडेच आहे.

एका ओळीचं औषध

आता औषधाकडे वळू. ज्यांच्या मुलाने किंवा सुनेने असा तक्ता करून दिला आहे, त्यांनी हा भाग त्यांना वाचून दाखवावा. इथे सूत्रं देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी कळफलकाने टाइप करायचे. समजा ‘ए’ रकान्यात वार आहेत, ‘बी’ रकान्यात साखर आहे आणि नोंदी दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत आहेत. मी केलेलं चुकीचं सूत्र होतं :

= मिन(बी२:बी८)

त्याच्या जागी लिहायचं :

= मिनइफ्स(बी२:बी८, बी२:बी८, ">०")

‘मिनइफ्स’ची इंग्रजी अक्षरं एम, आय, एन, आय, एफ, एस. अर्थ सरळ आहे : बी२ ते बी८ मधला सर्वांत लहान आकडा दे, पण जे आकडे शून्यापेक्षा मोठे आहेत त्यांच्यातलाच दे. अवतरण चिन्हं विसरू नका. हे सूत्र लिहिल्याबरोबर शून्याच्या जागी ६१ उभा राहिला. सरासरीसाठी असंच ‘अॅव्हरेजइफ’ वापरायचं : = अॅव्हरेजइफ(बी२:बी८, ">०"). उत्तर ८० न येता ११२ येतं.

मिनइफ्स हे एक्सेलच्या २०१९ च्या आवृत्तीत, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये, गूगल शीट्समध्ये आणि फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये आहे. कचेरीतल्या जुन्या संगणकावर ते चालत नाही. यंत्र नाव ओळखत नसल्याची खूण दाखवतं. तिथे जुनी रीत वापरायची :

= मिन(इफ(बी२:बी८>०, बी२:बी८))

जुन्या एक्सेलमध्ये हे लिहून झाल्यावर नुसतं एंटर दाबायचं नाही. कंट्रोल आणि शिफ्ट ही दोन बटणं दाबून धरून मग एंटर दाबायचं. तसं केलं की सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप येतात. ते दिसले तर समजावं, जमलं. कंस हाताने टाइप करून चालत नाही. नव्या आवृत्तीत नुसतं एंटर पुरतं.

ज्यांना ही बटणांची कसरत नको, त्यांच्यासाठी तिसरी युक्ती आहे :

= स्मॉल(बी२:बी८, काउंटइफ(बी२:बी८, ०)+१)

यातला विचार शाळेतल्या उंचीच्या रांगेसारखा आहे. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत उभे केले, तर शून्यं सर्वांत पुढे येतील. शून्यं किती आहेत ते मोजा, आमच्या आठवड्यात दोन. त्यांच्यानंतरचा पहिला, म्हणजे तिसरा आकडा उचला. तोच ६१.

आणखी एक उपयोगी गोष्ट. सर्वांत कमी आकडा कोणत्या दिवशीचा, हेही यंत्राला विचारता येतं. सर्वांत कमी आकडा बी१० या सेलमध्ये असेल तर :

= इंडेक्स(ए२:ए८, मॅच(बी१०, बी२:बी८, ०))

उत्तर येईल ‘गुरुवार’. वाराऐवजी तारीख लिहिली असेल तर तारीख येईल. आमच्या घरात हा प्रश्न आधी विचारला गेला असता, तर द्वादशीचा उलगडा तीन महिने लांबला नसता.

सूत्र बरोबर, तरी उत्तर चूक!

रात्री मुंबईला पोचेपर्यंत मी संपूर्ण तीन महिन्यांच्या तक्त्याला नवं सूत्र लावलं होतं. सर्वांत कमी : ६१. मी समाधानाने मोबाइल बंद केला आणि एकदम आठवलं की डॉक्टरांच्या पेन्सिलीने ५८ वर गोल केला होता. मग तो आकडा कुठे गेला?

शोधल्यावर सापडला. त्या दिवशी बाबांनी आकड्याच्या सेलमध्येच लिहिलं होतं, “५८ चहा घेतला”. माहिती अगदी खरी आणि महत्त्वाचीसुद्धा. पण आकड्याबरोबर अक्षर आलं की संगणक त्या सगळ्याला मजकूर समजतो, आकडा समजत नाही. सर्वांत लहान शोधताना मजकुराकडे तो पाहतच नाही. मी सूत्र सुधारलं नसतं तरी तो आकडा हरवला असता, आणि सुधारलं तरी हरवलाच होता. उपाय सोपा. आकड्याला एक रकाना आणि शेऱ्याला शेजारचा दुसरा. ‘मिलिग्रॅम’, ‘रुपये’, ‘किलो’ हे शब्दही रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहायचे, प्रत्येक आकड्यापुढे नाही.

याच खोडीचा एक धोकादायक प्रकार आहे. साखर फारच खाली गेली तर घरगुती मीटर आकडा दाखवत नाही, पडद्यावर नुसतं ‘लो’ असं येतं. ते तक्त्यात तसंच लिहिलं, तर आपलं सूत्र त्याला मजकूर समजून ओलांडून जाईल. म्हणजे सर्वांत भयंकर नोंद हिशेबाबाहेर राहील आणि तक्ता मात्र स्वच्छ दिसेल! मीटरने ‘लो’ दाखवलं तर तक्ता भरायच्या आधी माणसाकडे पाहायचं, हे सांगायला नकोच.

मजकूर ओलांडण्याची ही सवय आपल्या उपयोगाचीही आहे. बाबा वहीत मारत होते तशी आडवी रेघ सेलमध्ये टाकली किंवा सेल कोराच ठेवला, तर साधं ‘मिन’देखील त्याला मोजत नाही आणि सरासरीही बिघडत नाही. म्हणजे रेल्वेतल्या जुन्या कारकुनाची रीत बरोबर होती आणि त्यांच्या पदविकाधारक लेकीचा सल्ला चुकीचा. हे मी फोन करून कबूल केलं. बाबा एवढंच म्हणाले, “अगं, रजिस्टर वाचणारा कोण आहे, ते पाहून लिहायचं असतं.”

खरं शून्य, खोटं शून्य

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की सरसकट सगळीकडे शून्य वगळून टाकावं. तसं केलं तर दुसरी चूक होईल.

पावसाची नोंद घ्या. एखाद्या दिवशी पर्जन्यमापकात पाणी साचलं नाही, तर त्या दिवसाचं शून्य हे खरं, मोजलेलं शून्य आहे. ते वगळून काढलेली सरासरी शेतकऱ्याला फसवील. कोरडा पंधरवडा तिला दिसणारच नाही. थंडीतल्या तापमानाचंही तसंच. श्रीनगरचा पारा हिवाळ्यात शून्यावर येतो आणि त्याच्याही खाली उतरतो. तिथे ‘शून्यापेक्षा मोठे’ अशी अट घातली, तर उणे आकडे, म्हणजे खरी कडाक्याची थंडीच गळून जाईल. जिथे उणे आकडे संभवतात पण शून्य नको आहे, उदाहरणार्थ नफा-तोट्याच्या वहीत, तिथे ‘मोठं’च्या खुणेऐवजी ‘शून्य नसलेलं’ अशी खूण घालतात : = मिन(इफ(बी२:बी८<>०, बी२:बी८)). स्मॉल-काउंटइफची युक्ती मात्र उणे आकडे असतील तिथे वापरू नये. तिची सगळी मदार शून्यं रांगेत पुढे उभी असण्यावर आहे.

सोसायटीच्या रंगकामाचं उदाहरण घ्या. सहा ठेकेदारांकडून दर मागवले, चौघांचे आले. उरलेल्या दोघांपुढे कोणी शून्य लिहून ठेवलं, तर ‘सर्वांत स्वस्त दर शून्य’ असं उत्तर येतं. सभेत हशा होतो आणि मग कोणीतरी डोळ्यांनी पाहून स्वस्त ठेकेदार ठरवतो. चाळीस ओळींची यादी असेल तर डोळ्यांनी ठरवण्यात काय काय होऊ शकतं, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. इथे शून्य वगळलंच पाहिजे. पण तपासणीचे पैसे घेणार नाही असं एखाद्याने लेखी कळवलं असेल, तर त्या रकान्यातलं त्याचं शून्य खरं आहे. ते वगळलं तर त्याच्यावर अन्याय होईल.

सर्वांत अवघड उदाहरण बाजारभावाचं आहे. बाजार समितीत रोज मालाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव नोंदला जातो. सुट्टीच्या किंवा लिलाव बंद असलेल्या दिवशी भावच नसतो. घरी टिपण ठेवणाऱ्या शेतकऱ्याने तिथे शून्य लिहिलं, तर वर्षाचा किमान भाव शून्य दिसेल. ते शून्य खोटं, ते वगळावं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात काय घडलं, ते आठवून पाहा. एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला, भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता हाती उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे आणि धनादेश मिळाला दोन रुपयांचा. त्या हिशेबात खर्च तीन रुपयांनी वाढला असता, तर ‘हाती आलेली रक्कम’ शून्याच्याही खाली गेली असती. शून्य किंवा त्याखालचे आकडे गाळून टाकणाऱ्या सूत्राने त्या शेतकऱ्याचा तो दिवसच कागदावरून पुसला असता. एखादा आकडा अविश्वसनीय वाटतो म्हणून तो खोटा ठरत नाही.

म्हणून सूत्र लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हे शून्य मोजून आलं आहे, की मोजलंच नाही म्हणून आलं आहे? मोजून आलं असेल तर ते ठेवा. मोजलंच नसेल तर शून्य लिहूच नका. आणि दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या जुन्या तक्त्यात ती शून्यं आधीच असतील, तर वरची सूत्रं वापरा.

या सूत्रांचीही एक मर्यादा सांगून ठेवते. संपूर्ण आठवडाभर काहीच मोजलं नाही, सगळीकडे शून्यच आहे, तर मिनइफ्स काय उत्तर देईल? शून्य! वगळायला सांगितलेलंच पुन्हा पुढे करील. स्मॉल-काउंटइफची रीत अशा वेळी चुकीची खूण दाखवते. दिसायला ती वाईट दिसते, पण ‘इथे काहीतरी राहिलंय’ हे निदान कळतं.

आता मिरजेच्या तक्त्यात न मोजलेल्या दिवशी आडवी रेघ असते. शेऱ्याचा रकाना वेगळा केला आहे. शिवाय मी एक सोय केली. १ ते ६९ मधला कोणताही आकडा आला की तो सेल आपोआप लाल होतो. त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात आणि ते गूगल शीट्समध्येही मिळतं. सर्वांत कमी एकच आकडा पाहण्यापेक्षा हे बरं, कारण प्रत्येक घसरण दिसते. गेल्या एकादशीला रात्री भावाचा फोन आईला, माझा फोन बाबांना. बाबा वैतागले. म्हणाले, “डॉक्टरांच्या कागदाप्रमाणेच घेतलंय सगळं. झोपा आता दोघंही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तक्त्यात आकडा आला : ११४. शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं, “द्वादशी. ठीक.”

चौकट : साखर अचानक कमी झाली तर

• घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर शक्य असल्यास लगेच साखर मोजा. मोजायला मीटर जवळ नसेल तरी थांबून राहू नका.

• ७० पेक्षा कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर (साधारण तीन चहाचे चमचे) पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या.

• शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

• इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळे साखर खाली जाऊ शकते. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने सुरूही ठेवू नका.

• डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवरची सरासरी पुरत नाही. रोजच्या नोंदी, तारखा आणि शेरे सोबत न्या.